खिळ्यांवरच्या चाव्या

आमच्या आळीतल्या किराणा दुकानाचा इतिहास मी याआधी एकदा लिहिला आहे. तो दोन मिनिटांचा होता, कारण तेवढाच हवा होता. दुकानाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने भाऊंचा सत्कार ठरवला आणि प्रमुख पाहुण्यांना भाषणासाठी मजकूर हवा होता. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. आमच्या आळीत चष्मा आणि पुस्तक एका माणसाकडे दिसलं की तो मास्तर होतो, आणि मास्तरांनी असलं काही लिहून द्यायचं असतं. मी दिलं. पाहुणे दोन तास उशिरा आले, माझा कागद त्यांनी न उघडता खिशात घातला आणि राष्ट्राच्या उभारणीत छोट्या व्यापाऱ्याचा वाटा या विषयावर बोलले. भाऊंबद्दल एवढंच म्हणाले, की हा माणूस म्हणजे विश्वासाचं दुसरं नाव. मग शाल, श्रीफळ, फोटो.

श्रीफळ भाऊंच्याच दुकानातून नेलेलं होतं. घरी येताना त्यांनी ते कानाशी हलवून पाहिलं.

"आमचाच हाय," म्हणाले. "मीच निवडून दिला होता. पाणी हाय अजून."

दुसऱ्या दिवशी तो नारळ परत टोपलीत होता. शाल कुठे गेली ते मला माहीत नाही.

माझ्या त्या कागदात खोटं काही नव्हतं. भाऊंचे वडील लांज्याकडून इकडे आले, एका खोलीत मीठ, गूळ आणि रॉकेल घेऊन बसले, वगैरे. दुकानाला तेव्हा शटर नव्हतं, लाकडी फळ्या होत्या. रोज सकाळी त्या एकेक करून काढायच्या आणि संध्याकाळी त्याच क्रमाने लावायच्या. क्रम चुकला तर शेवटची फळी बसायची नाही, म्हणून प्रत्येकीवर डांबराने आकडा घातलेला होता. लहानपणी मी आकडे शाळेत शिकलो त्याच्या आधी त्या फळ्यांवर शिकलो. वडील गेल्यावर भाऊ गादीवर बसले. उकडा तांदूळ, कुळीथ, आमसुलं, खोबरेल, वाती, पत्रावळी. पुढे सगळंच पाकिटात येऊ लागलं आणि तराजूला काम उरलं नाही. मग मिरजोळ्याच्या बाजूला ते मोठं दुकान झालं, जिथे थंडगार हवेत माणूस आपली टोपली आपणच ढकलत फिरतो आणि त्याबद्दल खूशही असतो. त्यानंतर भाऊंकडे लोक फक्त विसरलेल्या वस्तू घ्यायला येत. महिन्याचं सामान तिकडून आणायचं आणि हिंग राहिला, की भाऊ.

हे सगळं मी लिहिलं होतं. चाव्यांचं मात्र लिहिलं नाही. त्या इतक्या रोजच्या होत्या, की इतिहास म्हणून सुचल्याच नाहीत.

भाऊंच्या पाठीमागे, तराजूच्या वर, एक सागवानी फळी भिंतीला ठोकलेली होती. तिच्यावर खिळ्यांच्या तीन ओळी आणि प्रत्येक खिळ्याला चावी. आळीतली निम्मी घरं मुंबईला कामाला गेलेल्यांची. जाताना चावी दुकानात द्यायची, हे भाऊंच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं. चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून प्रत्येक चावीला बांधलेला असे. त्यावर नाव लिहायचं नाही, चोराने वाचलं तर काय, अशी वडिलांची दक्षता. म्हणून घराची खूण लिहायची: फणस, विहीर, दोन पोफळी, उंच पायऱ्या, रातांबा. चोर परगावचा असेल तरच या दक्षतेचा उपयोग होता. आळीतल्या शेंबड्या पोरालाही कुठला फणस ते ठाऊक होतं. पण चोरी कधी झाली नाही.

शेवटच्या ओळीत एक चावी माझी होती. मी मुंबईला गेलेलो नव्हतो. बायको गेल्यावर वर्षभराने मी न्हाणीघरात घसरून पडलो आणि दीड तास तिथेच होतो. सकाळी वर्तमानपत्र घ्यायला आलो नाही म्हणून भाऊ बघायला आले आणि त्यांना मागचं दार फोडावं लागलं. नंतर म्हणाले, "मास्तर, एक चावी आमच्याकडे टाका. दर खेपेस दार फोडायला मी काय सुतार हाय?" माझ्या पुठ्ठ्यावर त्यांनी 'पुस्तकं' असं लिहिलं. दाराशी माझं एक चांगलं वाढलेलं पेरूचं झाडही आहे, पण ते त्यांना खूण म्हणून पुरेसं वाटलं नसावं.

चाव्यांचं खरं काम गणपतीत. चतुर्थीच्या आधी आठ-दहा दिवस मुंबईहून याद्या यायच्या. आधी पोस्टकार्डावर, मग दुकानाच्या फोनवर, मग मोबाइलवर. भाऊ एकेका घराची चावी काढायचे, केरवारे करणाऱ्या बाईला घेऊन जायचे, दारं-खिडक्या उघडायचे आणि यादीप्रमाणे सामान स्वयंपाकघरात लावून ठेवायचे. तांदूळ, गूळ, नारळ, चहा, साखर, तेल, कापूर. सगळ्यांच्या वर काड्यापेटी, म्हणजे पहाटे अंधारात येणाऱ्याच्या हाताला पहिली तीच लागेल. निघताना गणपतीच्या रिकाम्या पाटापुढे एक उदबत्ती लावायची. याला आमच्याकडे घर जागं करणं म्हणत. रात्रभर गाडीत आखडलेली माणसं येऊन दार उघडत तेव्हा घराला बंद घराचा वास नसे.

हळूहळू याद्या कमी झाल्या. कुणाचे म्हातारे गेले, कुणी गणपती तिकडेच नेला, कुणाच्या मुलांना इकडचे डास सोसेनात. पण भाऊंचा एक नियम होता. यादी आली नाही तरी घर जागं करायचंच. किलोभर तांदूळ, गुळाची ढेप, एक नारळ, काड्यापेटी. विसर्जनापर्यंत कुणी आलं नाही तर जाऊन ते सामान परत आणायचं.

"फुकटचा वळसा," मी एकदा म्हटलं.

"यादी नाय आली म्हणजे माणूस येणार नाय, असा कोणी सांगितला?" ते म्हणाले. "आला आणि घरात काडीपेटी नसली, तर काय तो माझ्या नावाने आरती म्हणेल?"

सत्कारानंतर महिन्याभराने, मे महिन्यात, रातांब्याचं घर विकलं गेलं. ते कुटुंब तीन वर्षांत फिरकलं नव्हतं. थोरला मुलगा व्यवहाराला मुंबईहून आला आणि मला म्हणाला, काका, ओळख द्यायला साक्षीदार लागतो, तुम्ही याल का? मी गेलो. अंगठा दिला, सही केली, यंत्रासमोर बसून फोटो काढून घेतला. कचेरीतून बाहेर पडल्यावर त्याने मला सुरमईचं ताट खिलवलं. सुरमई ताजी होती.

हात धुताना तो म्हणाला, "भाऊंना आम्हीच सांगू हां, काका. तुम्ही नका बोलू. त्यांना वाईट वाटेल. मी स्वतः भेटून चावी घेईन."

"बरं," मी म्हटलं.

तो त्याच दुपारच्या गाडीने परत गेला. भेटायला वेळ झाला नसावा.

मी शब्द पाळला. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, हा गुण मी आयुष्यभर मिरवला आहे. सभ्यपणा म्हणून तो खपूनही जातो. रोज सकाळी वर्तमानपत्राला जायचो, समोर 'रातांबा' लटकत असायचा, आणि मी मथळे वाचायचो. आज नाही तर उद्या ते फोन करतीलच. जून गेला, जुलै गेला. श्रावणात एकदा भाऊ आपण होऊनच म्हणाले, "यंदा रातांबावाले येतील असा वाटतंय. थोरल्याच्या पोराचा लगीन झालाय ना? नव्या सुनेला घर दाखवायला तरी आणतीलच की."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

"बघू," मी म्हटलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी मोबाइलवर आळीच्या ग्रुपमध्ये एक चित्रफीत आली. पाठवणारा कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याला कुणीतरी 'नवीन शेजारी' म्हणून नुकतंच ग्रुपात घेतलेलं होतं. खाली लिहिलं होतं: या इसमाला कोणी ओळखतं का? आमच्या घरात शिरला आहे.

चित्र वरून, कोपऱ्यातून घेतलेलं. रातांब्याच्या घराचं माजघर. एक म्हातारा माणूस पिशवी घेऊन आत येतो, चप्पल दाराशी काढतो. पिशवी घेऊन स्वयंपाकघरात जातो, रिकाम्या हाताने परत येतो. कंबरेवर हात ठेवून आढ्याकडे बघतो. मग कोनाड्यापुढे उभा राहून काडी ओढतो, ती विझते, दुसरी ओढतो. उदबत्ती लावतो, हात जोडतो, थोडा वेळ तसाच उभा राहतो. तेवढ्यात दारात खाकी कपड्यांतली दोन माणसं येतात.

चित्र तिथे संपत होतं. आवाज नव्हता.

नव्या शेजाऱ्याखेरीज त्या ग्रुपात भाऊंना ओळखत नाही असा एकही माणूस नव्हता. तरी पहिली दहा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग मुंबईहून एकाने लिहिलं: हे तर भाऊ. पण मालकांच्या परवानगीशिवाय असं जाणं बरोबर नाही. दुसऱ्याने अंगठा दाखवला. तिसऱ्याने विचारलं, म्हणजे आमच्या घरातही ते असेच जातात का? ज्याचं घर 'दोन पोफळी', ज्याची आई भाऊंनी जागं केलेल्या घरात वीस वर्षं गणपतीला आली, त्याने लिहिलं: आमचीही चावी त्यांच्याकडे आहे, तिथल्या कोणीतरी कृपया ताब्यात घ्यावी. त्याला सात जणांनी अंगठे दाखवले.

मी काही लिहिलं नाही. छत्री घेतली आणि पोलीस ठाण्यावर गेलो.

भाऊ बाकावर बसले होते. समोर टेबलावर मुद्देमाल मांडलेला होता: तांदूळ, गूळ, नारळ, काड्यापेटी, आणि पुठ्ठा बांधलेली चावी. हवालदार चाळिशीचा, मुळात भला माणूस असावा. त्याची अडचण वेगळीच होती.

"आजोबा, मी काय लिहू सांगा," तो म्हणत होता. "घरातून काय नेलं, असा रकाना आहे. तुम्ही तर ठेवलंत. त्याला रकाना नाही."

"मग लिहू नका," भाऊ म्हणाले.

"पण कुलूप उघडून शिरलात ना? कुणाच्या घरात?"

"रातांबावाल्यांच्या."

"त्यांचं राहिलं नाही ते आता. विकलंय."

"कोणी सांगितला? विकला असता तर माझ्याकडची चावी नाय नेली असती?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"शेजारी," मी म्हटलं. "घर विकलंय, हे खरं आहे. मे महिन्यात. खरेदीखतावर ओळखीचा साक्षीदार म्हणून माझी सही आहे. यांना कुणी सांगितलं नाही. यांचा काही दोष नाही."

हे मी बसून, नीट, शुद्ध मराठीत सांगितलं. भाऊ माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. भाव सांगितल्यावर गिऱ्हाईक ज्या नजरेने बघतं, तसं काहीतरी होतं ते: एवढं?

नव्या मालकाला फोन झाला, त्याने तक्रार नाही म्हणून सांगितलं आणि आम्ही सुटलो. पाऊस लागला होता. छत्री एकच होती. ती मी त्यांच्या डोक्यावर धरत होतो आणि ते तिच्यातून बाहेर बाहेर चालत होते. मारुतीच्या देवळाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "मे म्हणजे कधी?"

"दुसऱ्या आठवड्यात."

ते थोडं चालले. "मी जूनमध्ये जाऊन कौलं बघून आलांव. दोन फुटली होती, बदलली."

मी छत्री आणखी त्यांच्या बाजूला सरकवली.

संध्याकाळी नवा मालक स्वतः दुकानात आला. वाईट माणूस नव्हता. घाटावरचा, घराचं पाहुण्यांसाठी निवास करणार होता. जुनं कुलूप छान होतं म्हणून त्याने ते बदललं नव्हतं. एवढीच त्याची चूक, आणि चूक म्हणावी अशी तीही नाही. तो म्हणाला, "सॉरी काका, मला ही पद्धत माहीतच नव्हती. किती सुंदर आहे हो! आपण ही पाहुण्यांसाठी ठेवू या. तुम्ही यायचं, उदबत्ती लावायची. लोकांना खूप आवडेल."

"कोणाचा गणपती येतो तुमच्याकडे?" भाऊंनी विचारलं.

"गणपती नाही, पाहुणे."

"मग हॉटेलात उदबत्ती लावायला मॅनेजर असतो," भाऊ म्हणाले, आणि मागून कुणी विचारलेला हिंग काढायला वळले.

रातांबावाल्यांचा निरोप रात्री आला. भाऊ, सांगायचं राहूनच गेलं हो. पुढे जोडलेले दोन हात, चित्रातले. भाऊंनी तो मला दुसऱ्या दिवशी दाखवला. दाखवला म्हणजे मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे गेले.

त्या वर्षी भाऊंनी उरलेली घरं जागी केली नाहीत. जे आले ते आपापली कुलपं उघडून आत गेले. ज्यांच्याकडे दुसरी चावी नव्हती ते दुकानात येऊन आपली घेऊन गेले, थोडं इकडचं तिकडचं बोलून. कुणी त्या चित्रफितीचा विषय काढला नाही. आमच्याकडे लोक भिडस्त आहेत. तोंडावर कुणी कुणाचा अपमान करत नाही. आरत्या झाल्या, विसर्जन झालं, गाड्या भरून परत गेल्या. जे आलेच नव्हते त्यांच्या चाव्या खिळ्यांवर राहिल्या.

पितृपक्षात एका सकाळी मी वर्तमानपत्राला गेलो तर शटर अर्धं वर होतं. आत वाकून गेलो. फडताळं रिकामी होत आली होती. भाऊ गादीवर बसून पुड्या बांधत होते. वर्तमानपत्राचा चौकोन, मधे चावी, चार घड्या, वर पांढऱ्या दोऱ्याचे दोन वेढे आणि गाठ. जिऱ्याची, मोहरीची पुडी ते बांधायचे तशीच. पाकिटं आल्यापासून मी त्यांना पुडी बांधताना पाहिलं नव्हतं. हात विसरले नव्हते.

"बरा झाला आलात," ते म्हणाले. "पत्ते लिहायचे हायत. तुमचा अक्षर बरा."

"बंद करताय?"

"गुडघ्यांनी कधीच बंद केलाय. मीच बसलो होतो."

गुडघे जुनेच होते. दोघांनाही ते माहीत होतं. मी पाकिटांवर पत्ते लिहायला बसलो. डोंबिवली, कांजूरमार्ग, विरार, एक अहमदाबाद. भाऊ पुठ्ठा वाचायचे, "उंच पायऱ्या," आणि मग कुटुंबाचं आडनाव आणि पत्ता तोंडपाठ सांगायचे. पाच घरांचे पत्ते त्यांना येत नव्हते. त्यातल्या दोन घरांत आता कुणी आहे की नाही, हेही ठाऊक नव्हतं. त्या पाच पुड्या त्यांनी एका डब्यात ठेवल्या. पूर्वी त्या डब्यात वेलदोडे असत, त्याचा वास अजून होता.

फळी रिकामी झाली. खिळ्यांच्या खाली लाकडावर चाव्यांच्या आकाराचे फिकट डाग राहिले होते.

"झालं?" मी म्हटलं.

"एक हाय," म्हणाले, आणि गादीखालून एक पुडी काढली. ती त्यांनी आधीच बांधून ठेवली होती. बहुधा सगळ्यांत आधी. ती त्यांनी गिऱ्हाइकाला माल देतात तशी, गल्ल्यावरून माझ्याकडे सरकवली. पुठ्ठा दोऱ्यातून बाहेर आलेला होता. 'पुस्तकं'.

"ही राहू दे की," मी म्हटलं. "तुम्ही तर इथेच आहात. चार घरं सोडून."

"दुकान नाय आता. ठेवू कुठे?"

"घरात एखादा खिळा असेल."

भाऊंनी दोऱ्याचं रीळ उचललं, सुटलेलं टोक शोधून खाचेत अडकवलं आणि रीळ डब्यावर ठेवलं. मग म्हणाले, "मास्तर, पोस्ट दुपारी बंद होतंय. पाकिटं तेवढी नेता ना?"

मी नेली. पोस्टातल्या बाईंनी वजन करताना विचारलं, "काय आहे यात?" मी म्हटलं, "किराणा."

पाकिटं पोहोचली असावीत. कुणाचाही काही निरोप नाही. दुकानाचं शटर खाली आहे आणि तिथे आता मोबाइलच्या कंपनीची जाहिरात रंगवलेली आहे. भाऊ संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसतात. मी गेलो की सरकून जागा देतात. पावसाचं बोलतो, गुडघ्यांचं बोलतो. नव्या दुकानात हिंग कसला मिळतो, हेही. त्या दिवसाचं कधी नाही. आम्हीही भिडस्तच.

वर्तमानपत्र मी आता घरी टाकायला सांगितलं आहे. मी ते उचललं की नाही, हे पाहायला टाकणारा थांबत नाही, त्याला पुढे शंभर घरं असतात. जादा चावी पेरूच्या बुंध्याशी कुंडीखाली ठेवली आहे. चोर आला तर पहिल्यांदा तिथेच बघेल, हे मला कळतं. न्हाणीघरात जाताना मी हल्ली भिंतीला धरून जातो.